हिवाळा, सर्दी आणि लहान मूल: पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी

माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला पहिली मोठी सर्दी झाली. दोन दिवस मी तासातासाला ताप मोजला आणि वहीत लिहून ठेवला. डॉक्टरांकडे गेल्यावर ती वही पुढे केली. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, "श्वास मिनिटाला किती चालतोय? दूध रोजच्या निम्मं तरी घेतेय का? शेवटची शू कधी केली?" तिन्हींपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्दी साधीच निघाली, आठवडाभरात मुलगी खेळायला लागली. पण आमच्या घरात त्या दिवसापासून कुणाला नाक वाहायला लागलं की आधी हे तीन प्रश्न विचारले जातात, थर्मामीटर नंतर निघतो. या लेखातली निम्मी तयारी सर्दी कमी व्हावी म्हणून आहे, आणि उरलेली निम्मी सर्दी झाल्यावर नेमकं काय बघायचं हे कळावं म्हणून.

आधी मनाची तयारी

लहान मुलाला वर्षाकाठी 6 ते 8 वेळा सर्दी होणं ही सामान्य गोष्ट आहे. पाळणाघरात किंवा बालवाडीत जायला लागलेल्या मुलाला त्याहूनही जास्त वेळा होते. एक सर्दी 7 ते 10 दिवस चालते, खोकला मागे रेंगाळतो तो कधी कधी 3 आठवडे. आता हिशेब करा. यातल्या बहुतेक सर्द्या थंडीच्या चार-पाच महिन्यांत येतात, म्हणजे एक संपते न संपते तोच दुसरी सुरू. "आमचं मूल सारखं आजारीच असतं" असं वाटतं ते यामुळे. त्याचा अर्थ मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असा नव्हे. सर्दी करणाऱ्या विषाणूंपैकी एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत आणि तुमच्या बाळाच्या शरीराला त्यांतला जवळजवळ प्रत्येक नवा आहे. शरीर एकेकाची ओळख करून घेतं, आणि शाळेत रुळेपर्यंत सर्द्यांची संख्या आपोआप उतरते.

दोन सर्द्यांच्या मधे मूल हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल, तर काळजीचं कारण नाही. वजन थांबलं असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल किंवा प्रत्येक सर्दीत छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर डॉक्टरांशी निवांत वेळ घेऊन बोला.

आणि हिवाळ्यातच का? गार वाऱ्याने सर्दी "लागत" नाही, ती विषाणूनेच होते. पण थंडीत माणसं दारंखिडक्या लावून एकमेकांच्या जवळ बसतात, आणि हवा कोरडी असते. 2007 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी गिनीपिगवर प्रयोग करून दाखवलं की फ्लूचा विषाणू थंड आणि कोरड्या हवेत एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जास्त सहज जातो. शिवाय कोरड्या हवेत नाकाच्या आतलं ओलं अस्तर सुकतं, आणि विषाणूला अडवणारी पहिली भिंत तीच असते. म्हणून मुलाला महिनोन् महिने घरात कोंडून ठेवण्याने फायदा होत नाही. दुपारच्या उन्हात, अंगावर पुरेसे कपडे घालून बाहेर खेळणं बंद खोलीतल्या गर्दीपेक्षा कितीतरी बरं.

पायरी 1: थंडी सुरू होण्याआधी लसींचं कार्ड काढा

डांग्या खोकला, हिब आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारे दोन जिवाणू) आणि गोवर यांच्या लसी वेळापत्रकानुसार झाल्या आहेत का ते बघा. या सर्दीच्या लसी नाहीत, पण सर्दीनंतर किंवा सर्दीसारख्याच सुरुवातीने येणारे गंभीर आजार त्या रोखतात.

फ्लूची लस वयाच्या 6 महिन्यांपासून देता येते. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. 9 वर्षांखालच्या मुलाला ती पहिल्यांदाच देत असाल तर साधारणपणे किमान 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे 2 आठवडे जातात. हे सगळं जमेस धरलं की लक्षात येतं, साथ दारात आल्यावर लस घ्यायला धावणं उशिराचं असतं. 6 महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी घेणं हाच त्याचा बचाव. गरोदरपणात आईने घेतलेल्या फ्लू आणि डांग्या खोकल्याच्या लशीतून बाळाला पहिल्या काही महिन्यांपुरतं संरक्षण मिळतं.

आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचं नावही ओळखीचं करून घ्या. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतो. मोठ्याला त्याने साधी सर्दी होते, पण काही महिन्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजून त्याला दवाखान्यात ठेवावं लागू शकतं. गरोदर मातेसाठी लस आणि बाळासाठी निर्सेव्हिमॅब नावाचं प्रतिपिंडांचं (विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन आता बऱ्याच देशांत वापरात आहे. तुमच्याकडे मिळतं का, हे बाळंतपणाआधीच विचारून ठेवा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा त्याला हृदयाचा त्रास असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा.

पायरी 2: घरातली हवा

दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. बाळाला तेवढ्यापुरतं दुसऱ्या खोलीत न्या. खोलीत आर्द्रता 40 ते 50 टक्के असेल तर नाक फारसं सुकत नाही. हवा ओली करणारं यंत्र वापरत असाल तर त्यातून थंड वाफ येणारं घ्या, पाणी रोज बदला आणि टाकी घासा, नाहीतर त्यातच बुरशी धरते. खिडकीच्या काचांवर आतून थेंब जमायला लागले की ओल जास्त झाली असं समजा.

घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते बंद झालं पाहिजे. बाल्कनीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांत, केसांत बसून आत येतो. धुरात वाढणाऱ्या मुलांना कानाचे आणि छातीचे आजार जास्त होतात.

आता जे सांगते आहे ते कृपया घाईत वाचू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कोळसा, लाकूड किंवा गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरचाही तोच धोका. घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय, पण ताप कुणालाच नाही असं झालं, तर फ्लू समजून पडून राहू नका. सगळ्यांना घेऊन आधी उघड्यावर या, मग मदत बोलवा.

पायरी 3: हात

विषाणू शिंकेतून येतो तसा हातांवरून डोळ्यांत, नाकात जातो. बाहेरून आल्यावर, जेवणाआधी आणि नाक पुसल्यावर साबणाने 20 सेकंद हात धुवायची सवय आधी स्वतःला लावा. मूल आपलं ऐकून शिकत नाही, बघून शिकतं. शिंकताना तोंड कोपरात लपवणं दोन-अडीच वर्षांच्या मुलालाही जमतं. बाळाला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हात धुवायला सांगताना संकोच वाटतो. तरी सांगा. सर्दी झालेल्या माणसाने लहानग्याचा पापा घेऊ नये हेही प्रेमानेच सांगता येतं.

पायरी 4: कपडे, झोप आणि अंघोळ

साधा नियम: तुम्हाला जेवढे कपडे घालून बरं वाटतं, त्यावर बाळाला एक थर जास्त. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, काढता-घालता येतात. बाळाला थंडी वाजतेय का हे हातपायांवरून ठरवू नका, लहान बाळांचे तळहात-तळपाय एरवीही गार लागतात. बोटं मानेच्या मागे, कपड्याच्या आत घाला. तिथे कोमट, कोरडं लागलं म्हणजे ठीक आहे. ओलसर, घामेजलं लागलं तर एक थर उतरवा. थंडीच्या दिवसांत बाळ गारठण्याची भीती सगळ्यांना असते, उकडण्याची कुणाला नसते. पण अति गुंडाळलेलं बाळ घामाने भिजतं, चिडतं, आणि तान्ह्या बाळाच्या झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोका अंग जास्त तापल्याने वाढतो.

म्हणूनच वर्षाखालचं बाळ झोपवताना उताणं, टणक गादीवर, उशीशिवाय. सैल रजई किंवा शाल नको, ती तोंडावर येते. त्याऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी किंवा गरम झबलं वापरा. घरात झोपताना कानटोपीही काढा, बाळ जास्तीची उष्णता डोक्यातूनच बाहेर टाकतं. नाक चोंदलंय म्हणून डोक्याखाली उशी सरकवायचा मोह होतो, तोही टाळा. मान पुढे वाकली की श्वासाची वाट अरुंद होते. गाडीतल्या बाळाच्या खुर्चीत जाड जॅकेट घालून पट्टा लावू नका. जॅकेट दबतं आणि पट्टा सैल राहतो. आधी पट्टा, मग वरून पांघरूण.

झोप स्वतःच औषध आहे. दुपारची झोप धरून 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास आणि 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास लागतात.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं. टिपून पुसल्यावर अंग किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा, पाणी आत टिकतं. सारखं पुसून नाकाखालची कातडी लाल झाली असेल तर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

पायरी 5: नाक वाहायला लागलं

तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. ते चोंदलं की दूध ओढता येत नाही, झोपता येत नाही, आणि सगळं घर जागं राहतं. यावर सगळ्यात जास्त गुण येतो तो साध्या सलाईनच्या थेंबांनी, म्हणजे 0.9 टक्के मिठाच्या निर्जंतुक पाण्याने.

ते कसं करायचं हे मला कुणी समोर बसून दाखवलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. दूध पाजण्याआधी पंधरा मिनिटं ही वेळ निवडा, पोट भरल्यावर केलंत तर बाळ उलटी काढेल. बाटली मुठीत धरून थेंब जरा कोमट होऊ द्या. बाळाला मांडीवर उताणं घ्या, एका हाताने कपाळ हलकेच धरा आणि एकेका नाकपुडीत 2-3 थेंब सोडा. लगेच ओढायला जाऊ नका. मिनिटभर थांबा, घट्ट शेंबूड सुटायला तेवढा वेळ लागतो. बऱ्याचदा बाळ शिंकतं आणि काम तिथेच होतं. नाही झालं तर शेंबूड ओढायचा रबरी फुगा घ्या. फुगा आधी बाहेर दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, आणि मग हळूच सोडायचा. उलट केलंत, म्हणजे टोक लावून मग दाबलंत, तर हवा आत जाऊन शेंबूड आणखी मागे जातो. वापर झाल्यावर फुगा साबणाच्या पाण्याने आतूनही धुवा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका, अस्तर सुजतं आणि नाक उलट जास्त चोंदतं. नुसते थेंब मात्र गरजेप्रमाणे घालता येतात.

नाकात तेल घालू नका, ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरू शकतं. गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाफ देऊ नका. त्याने सर्दी लवकर बरी होत नाही, आणि भांडं कलंडून भाजलेली मुलं रुग्णालयांच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात दर थंडीत येतात. कापूर असलेली चोळायची मलमं 2 वर्षांखालच्या मुलाला लावायची नाहीत, मोठ्यालाही नाकाखाली किंवा नाकात लावायची नाहीत. कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे आता अँटिबायोटिक हवं, हा समज फार पक्का बसलेला आहे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो रंग येतो. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. दहा दिवस उलटूनही काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा ताप चढला, तर मात्र दाखवा.

पायरी 6: पोटात काय जातंय

आजारी मूल जेवत नाही. त्याने दोन दिवस कमी खाल्लं तर बिघडत नाही, पातळ पदार्थ मात्र जात राहिले पाहिजेत. एका वेळी भरपूर देण्यापेक्षा थोडं थोडं, दर अर्ध्या-पाऊण तासाने. अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजणं वाढवा. आईला सर्दी असली तरी पाजणं थांबवू नका, तिच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं दुधातून बाळाला मिळतात. 6 महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको.

मोजमाप कशाचं ठेवायचं? ओल्या लंगोटांचं. दिवसाला साताठ ओले होत असतील आणि आज तीनच झाले, तर पाणी कमी पडतंय. आठ तासांत एकदाही शू नाही, जीभ-ओठ कोरडे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेलेली, यांपैकी काही दिसलं तर थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक लहान चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. एक वर्षाखाली मध चाटवायचासुद्धा नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंनी तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो, आणि मध उकळल्याने ते मरत नाहीत.

पायरी 7: ताप आणि औषधं

38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, याला ताप म्हणायचं. ताप हा शरीराने स्वतः लढण्यासाठी वाढवलेला असतो. 101 ताप असूनही मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषध देण्याची घाई नको. ताप 100 च असला तरी मूल अंगात त्राण नसल्यासारखं पडून असेल, तर ते जास्त काळजीचं. औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं, थर्मामीटरवरचा आकडा खाली आणण्यासाठी नव्हे. थंड पाण्याच्या पट्ट्या, गार पाण्याने अंघोळ यांनी मूल कुडकुडतं आणि त्रास वाढतो.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. बाळ 3 महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 38 अंश झाला, तर रात्र असो वा दिवस, घरी औषध न देता सरळ रुग्णालय गाठा. मग ते हसत असलं तरी.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. चूक होते ती बाटलीवरची मात्रा न वाचल्याने. समजा बाळ 8 किलोचं आहे. 15 च्या हिशेबाने त्याला 120 मिलिग्रॅम लागतात. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर 5 मिलिलिटर. 5 मध्ये 250 असलेलं असेल तर 2.4 मिलिलिटर. आणि एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेले थेंब असतील तर फक्त 1.2 मिलिलिटर. औषध तेच, मुलाचं वजन तेच, आणि माप चौपटीने बदलतं. थेंबांची बाटली आहे हे न बघता सिरपच्या हिशेबाने 5 मिलिलिटर दिले तर चार डोस एकदम जातात. म्हणून डॉक्टरांकडून एकदा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या, बाटलीवर चिकटवा, वजन वाढलं की बदला. घरातला चमचा वापरू नका, खुणा असलेली सिरिंज वापरा. औषध दिल्याची वेळ लिहून ठेवा. आईने दिलं, बाबांनी माहीत नसल्याने पुन्हा दिलं, हे फार घरांत घडतं.

खोकल्या-सर्दीची मिश्र औषधं 4 वर्षांखालच्या मुलांना नकोत. त्यांनी सर्दीचे दिवस कमी होत नाहीत, आणि गुंगी, धडधड, श्वास मंद होणं असे परिणाम होऊ शकतात. काहींत पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणजे नकळत दुप्पट डोस. आयबुप्रोफेन 6 महिन्यांखाली नाही, आणि पाणी कमी पडलेल्या मुलाला तर नाहीच. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका, फ्लू किंवा कांजिण्यांत त्याने राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्या भावंडाचं उरलेलं औषध धाकट्याला, हेही नको.

6 महिने ते 5 वर्षं या वयात काही मुलांना ताप चढताना फिट येते. बघायला भयंकर वाटतं, पण बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबली तरी पहिलीच फिट असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पायरी 8: श्वास मोजायला शिका

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा, आणि मूल ठणठणीत असताना आजच करा.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना अंगावरचा कपडा वर करा, छाती आणि पोट दोन्ही दिसलं पाहिजे. उजेड बाजूने येऊ द्या, सावली हलते तेव्हा श्वास नीट दिसतो. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. काही भराभर, मग क्षणभर थांबल्यासारखा, मग पुन्हा. रडताना किंवा पाजताना मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. ताप चढलेला असताना श्वास थोडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा.

जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेल्या मर्यादा अशा. 2 महिन्यांखालचं बाळ: मिनिटाला 60 किंवा जास्त म्हणजे वेगवान. 2 महिने ते 1 वर्ष: 50 किंवा जास्त. 1 ते 5 वर्षं: 40 किंवा जास्त. दवाखाना लांब असतो तिथले आरोग्यसेवक न्यूमोनियाचा संशय याच आकड्यांवरून घेतात. मी हे आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत, कारण रात्री दोन वाजता आठवत नाहीत.

मोजून झालं की तशीच आणखी मिनिटभर छातीकडे बघा. श्वास आत घेताना पोट फुगावं आणि छातीही वर यावी. त्याऐवजी बरगड्यांच्या खालचा भाग आत खेचला जात असेल, बरगड्यांच्या मधे खळगे पडत असतील, गळ्याखालचा खळगा दर श्वासाला खोल जात असेल, तर मुलाला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत. नाकपुड्या फुलतात का ते बघा. कान जवळ न्या. चोंदलेल्या नाकाची घुरघुर वेगळी, ती सलाईनने नाक साफ केल्यावर कमी होते. दर उच्छ्वासाला कण्हल्यासारखा आवाज वेगळा, तो वाट बघण्यासारखा नाही.

दोन प्रकार नावाने ओळखून ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलाची सर्दी दोन-तीन दिवसांनी छातीत उतरते, श्वास भरभर चालतो, शिट्टी वाजते: ही बारीक श्वासनलिकांची सूज. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोरात असते, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी "घरी न्या" म्हटलं तरी चौथ्या दिवशी पुन्हा श्वास मोजा. दुसरा प्रकार क्रूप, म्हणजे स्वरयंत्राजवळची सूज. मूल रात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखं खोकत उठतं, आवाज बसलेला असतो. त्याला रडू न देणं हे पहिलं काम. कडेवर सरळ बसवून घ्या, शांत करा, खिडकीशी गार हवेत धरल्याने काही मुलांना बरं वाटतं. शांत बसलेलं असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल तर लगेच निघा.

पायरी 9: कधी निघायचं

शांत असतानाही श्वास वर दिलेल्या आकड्यांच्या पुढे किंवा बरगड्या आत ओढल्या जाताहेत. दूध-पाणी काहीच घेत नाही किंवा घेतलेलं सगळं उलटतं. हाक मारली तरी डोळे उघडत नाही, ग्लानीत आहे. फिट आली. ओठ, जीभ किंवा हिरड्या निळसर-करड्या दिसतात (सावळ्या मुलाचे ओठ कळत नाहीत, जीभ आणि हिरड्या बघा). श्वास मधेच थांबतो. यांपैकी एकही गोष्ट असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

कान ओढतंय आणि आडवं केलं की रडतंय, ताप तीन दिवसांच्या वर गेलाय, अंगावर पुरळ आलंय, ही त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायची कारणं. आणि यांतलं काहीच नसेल, पण "आज हे नेहमीसारखं नाही" असं तुमचं मन म्हणत असेल, तरी जा. रोज त्याच्यासोबत असणाऱ्याला जे दिसतं ते पाच मिनिटं पाहणाऱ्याला दिसेलच असं नाही, आणि चांगला डॉक्टर त्या वाक्याची दखल घेतो.

जाताना वहीत असू द्या: मुलाचं वजन, आजार कितव्या दिवशी आहे, श्वास किती मोजला आणि कधी, 24 तासांत किती वेळा प्यायलं, शेवटची शू केव्हा, कोणतं औषध किती मिलिलिटर आणि किती वाजता. तापाचे आकडे शेवटच्या ओळीत.

पायरी 10: परत शाळेत

औषध न देता 24 तास ताप नाही, मूल नीट खातंपितं आणि दिवसभर खेळण्याइतकी ताकद आहे, तर पाठवायला हरकत नाही. थोडं नाक वाहतंय, अधूनमधून खोकतंय म्हणून घरी ठेवत बसलात तर सगळा हिवाळा घरीच जाईल. सर्दी सर्वांत जास्त पसरते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत. ताप असताना औषध पाजून शाळेत पाठवणं मात्र नको. दुपारी औषधाचा असर उतरतो, मूल वर्गात मलूल पडतं, आणि तोपर्यंत शेजारच्या चौघांना ते लागलेलं असतं. नोकरी करणाऱ्या आईबाबांना ती एक रजा किती जड जाते हे मला ठाऊक आहे. म्हणून थंडीच्या सुरुवातीलाच बसून ठरवा की पहिल्या आजारपणात कोण थांबणार आणि दुसऱ्यात कोण, आणि दोघांच्याही फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर, मुलाचं ताजं वजन आणि औषधाचं माप असू द्या.